कोकणात आणि कोल्हापुरात दमट हवेत डॉक्युमेंटरी शूट करायचीय, कुठला कॅमेरा घेऊ?

तुमचा प्रश्न वाचला. ऑगस्ट ते डिसेंबर गगनबावड्याकडची भातशेती, मालवणची रापण (किनाऱ्यावरनं माणसांनी ओढायचं मोठं जाळं) आणि आमच्याकडची गुऱ्हाळं शूट करायचीत, बॉडी आणि लेन्स मिळून दोन-सव्वादोन लाख आहेत, आणि फुलफ्रेमच (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घेऊ का म्हणताय. मी कोल्हापुरातच राहतो, दहा-बारा वर्षं असलंच काम करतोय, त्यामुळं जरा सविस्तर सांगतो.

फुलफ्रेमचा हट्ट आधी सोडा. आपल्या हवेत कॅमेरा घेताना दोनच गोष्टी बघायच्या, एक म्हणजे तो न थांबता किती वेळ रेकॉर्ड करतोय आणि दुसरं म्हणजे दिवसभर दमट हवेत फिरलेला तो कॅमेरा रात्री तुम्ही कशात ठेवणार. दुसऱ्याचा विचार दुकानात उभं राहून कोण करत नाही आणि पुढं पैसे तिथंच जातात.

आधी गरमीचं. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या मॅन्युअलमध्ये ० ते ४० डिग्री लिहिलेलं असतं. बाहेर थंडी असली तरी गुऱ्हाळात चुलवाणाच्या (मोठ्या चुलीच्या) अंगाला काहिलीजवळ, म्हणजे रस उकळायच्या मोठ्या कढईजवळ, उभं राहिलं की ४० कधीच मागं पडतं, त्यात कॅमेऱ्याची आतली गरमी वेगळीच. माझा पहिला मिररलेस तिथंच फसला. गुळव्यानं (गूळ करणाऱ्या कारागिरानं) उकळता पाक जरासा घेऊन पाण्यात सोडला, बोटांनी गोळी वळून बघितली, मान हलवली, काहिल उतरवायला माणसं धावली आणि नेमकं तेव्हाच स्क्रीनवर थर्मामीटरचं चिन्ह येऊन कॅमेरा बंद. पुढचं आदण (काहिलीतला एक घाणा) निघायला तीन तास लागले, आणि तोवर उजेड बदलला होता. आदण तरी परत निघतं, एखादी म्हातारी मनातलं बोलायला लागलीय आणि कॅमेरा बंद पडला तर ते परत मिळत नाही.

म्हणून आत फॅन असलेली बॉडी घ्या. सोनीचा एफएक्स३० तुमच्या कामाला बरोबर बसतो, सेन्सर एपीएस-सी, म्हणजे फुलफ्रेमपेक्षा लहान आहे, पण तासभराची मुलाखत सलग निघते. पॅनासॉनिकच्या एस५ मार्क टूमध्येपण फॅन आहे आणि तो फुलफ्रेम आहे, पण त्याच्या लेन्समध्ये सगळं बजेट संपू देऊ नका. पैसे कमी पडले तर पॅनासॉनिकचाच चांगला वापरलेला जीएच५ बघा, फॅन नाही पण रेकॉर्डिंगला वेळेची मर्यादा नाही. ८केच्या मागं लागू नका, कॅननचा आर५ २०२० साली आला तेव्हा कंपनीनंच सांगितलेलं की ८के साधारण २० मिनिटं, तेही २३ डिग्रीत. सोनी घेतला तर मेन्यूत ऑटो पॉवर ऑफ टेम्परेचर 'हाय' करून ठेवा, स्क्रीन बॉडीपासून उघडी ठेवा आणि ४के २५ फ्रेमवर शटर १/५० ठेवून शूट करा, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइट लुकलुकणार नाहीत.

आता ओलाव्याचं, आणि हे मी नुकसान सोसून शिकलोय. मालवणात ऑक्टोबरात रापण ओढताना शूट करायची होती, रात्रभर एसी २० वर लावून कॅमेरा टेबलावर तसाच ठेवलेला. पहाटे किनाऱ्यावर गेलो, कॅमेरा काढला तर पुढची काच दुधासारखी पांढरी. पुसली की परत पांढरी. माणसं दोरीला लागलेली, जाळं वर यायला लागलेलं आणि मी अर्धा तास लेन्स हातात धरून उभा. काच गार आणि बाहेरची हवा पाण्यानं भरलेली, मग दव धरणारच, आणि पुसून ते थांबत नाही, काच बाहेरच्या हवेइतकी गरम झाली तरच थांबतं. तेव्हापासून एसीच्या खोलीतच कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करतो, बाहेर आल्यावर अर्धा-पाऊण तास पिशवी उघडतच नाही, दव धरायचं ते पिशवीवर धरू दे. खरं तर शूटच्या दिवसात एसीची खोलीच घेऊ नये, पंख्याची बघावी. डिसेंबरात गुऱ्हाळालापण हेच, पहाटेच्या थंडीतनं थेट वाफेत शिरू नका.

बुरशीचं तर विचारू नका. माझी ५० एमएमची लेन्स एका पावसाळ्यात चामड्याच्या बॅगेत, कपाटात, जून ते सप्टेंबर पडून राहिली. बाहेर काढून टॉर्च मारला तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. दुरुस्ती झाली, पण कोटिंग खाल्लेलं ते खाल्लेलंच. आपल्याकडं जुलैत हवेतली आर्द्रता ८५-९० टक्क्यांच्या पुढं असते आणि बुरशीला साठ-पासष्टसुद्धा पुरतं. ड्राय कॅबिनेट परवडत असेल तर घ्याच, नाहीतर घट्ट झाकणाचा मोठा प्लॅस्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रता मीटर, काटा ४० ते ५० मध्ये ठेवायचा. त्याच्या फार खाली नको, रबर आणि ग्रीस सुकतं. तांदळात कॅमेरा पुरू नका, पीठ आत जातं. जेल शक्यतो केशरी दाण्यांचं घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं, ते वाळवायला घरातली कढई वापरू नका.

पावसात बॉडी सील (पाणी आत न जाणारी) असून भागत नाही, लेन्सच्या माउंटलापण रबराची रिंग पाहिजे, आणि झूम करताना लांब होणारी लेन्स दमट हवा आत ओढते, जमलं तर आतल्या आत झूम होणारी बघा. गगनबावड्याला भांगलणीत (तण काढताना) बायका पावसासाठी पाठीवर इरलं नाहीतर खोळ घेऊन वाकलेल्या असतात, त्यांच्यात तुम्ही रेनकोट घालून कॅमेऱ्याच्या कव्हरशी झटापट करत बसलात तर शूट होत नाही. एक माणूस मोठी काळी छत्री धरायला ठेवा, कुठल्याही कव्हरपेक्षा भारी.

माइकला मात्र पैसे राखून ठेवा. साधे कंडेन्सर माइक ओलाव्यात कडकड करायला लागतात, सेनहायझरचा एमकेएच ४१६ त्याच्या रचनेमुळं दमट हवेत टिकतो, विकत जमत नसेल तर भाड्यानं आणा. त्याला कॅमेऱ्याकडनं ४८ व्होल्ट लागतं, ते एक्सएलआर (मोठ्या माइकची केबल लागते त्या) सॉकेटच्या हँडलमधनं मिळतं, म्हणून एफएक्स३० घेताना हँडलवालाच घ्या, नुसती बॉडी स्वस्त पडते म्हणून घेऊ नका.

मालवणहून परत आलात की ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्यानं धुवा आणि सावलीत वाळवा, त्याच रात्री, दुसऱ्या दिवशी नाही.