भिशी तिसऱ्या महिन्यात लागली, सहल कधी काढायची?

भुसावळच्या एका ताईंचं पत्र आलंय. नवरा रेल्वेत, महिना ५२ हजार हातात येतात, त्यातले साडेसतरा हजार घराच्या हप्त्याला जातात. ताई घरी शिवणकाम करतात, सरासरी आठ हजार सुटतात. बँकेत अडीअडचणीसाठी १ लाख २० हजारांची ठेव आहे. सासू-सासऱ्यांच्या लग्नाला यंदा आखाजीच्या (म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या) दुसऱ्या दिवशी ५० वर्षं होतात. सासरे ७४ वर्षांचे, रेल्वेच्या अकाउंट्समधून निवृत्त, गुडघे दुखरे. सासूबाईंचं माहेर चाळीसगाव तालुक्यातलं. त्या वर्षानुवर्षं म्हणतात, "माले पाटनादेवीले जानं शे," कारण कधीकाळचा एक नवस फेडायचा राहून गेलाय. आखाजीला नणंदही येणार. म्हणून ताईंनी एका टूरवाल्याकडून सात जणांसाठी एका दिवसाच्या खासगी सहलीचा दर मागवला, नाव 'प्राचीन अवशेष आणि पवित्र स्थळे'. सोबत गाइड, जेवण, फोटोग्राफर, 'व्हीआयपी दर्शन'. दर २६,५०० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, सगळी रक्कम आगाऊ किंवा कार्डावर बारा हप्ते. ताईंना नुकतीच ३६ हजारांची भिशी लागली आहे. यजमानांचं म्हणणं, उधळपट्टी कशाला, वडिलांच्या नावावर ३० हजारांची ठेव करू. ताई विचारतात, कोण बरोबर?

ताई, दोघंही नाही. आधी भिशीचं बोलू, कारण खरी गोम तिथे आहे.

तुमची भिशी महिना ३,००० ची, बारा जणींची, आणि तुमचा नंबर तिसऱ्या महिन्यात लागला. म्हणजे तुम्ही भरले ९,००० आणि हातात आले ३६,०००. उरलेले २७,००० तुमचे नाहीत, ते पुढच्या नऊ महिन्यांत भरायचे आहेत. शेवटच्या महिन्यात जिची भिशी लागते तिची ती बचत असते, पहिल्या-दुसऱ्या महिन्यात लागते तिचं ते बिनव्याजी कर्ज. नाव एकच असल्यामुळे हा फरक लक्षात येत नाही. सहलीला ३१ हजार देऊन टाकले तर त्यातले ९,००० तुमचे आणि २२ हजार मैत्रिणींचे.

यावर तुम्ही म्हणाल, हप्ता तर मी शिवणकामातून भरतेच आहे. बरोबर. पण तुम्हीच लिहिलंय की लग्नसराई आणि जूनमधले गणवेश संपले की जुलै-ऑगस्टमध्ये मशीन जवळजवळ बंद असते. त्या दोन महिन्यांचा हप्ता कुठून येणार? घरखर्चातून. आणि तेव्हाच मुलांच्या फिया, पावसाळ्यातली आजारपणं. भिशीला कागद नसतो, ती तोंडओळखीवर चालते. हप्ता चुकला तर बँकेसारखी नोटीस येणार नाही, पण गल्लीतून जाताना मान खाली घालावी लागेल. तेव्हा २७,००० वेगळ्या खात्यात टाका आणि भिशीचे पुढचे नऊ हप्ते त्यातूनच जाऊ द्या. शिवणकामाचे पैसे मोकळे झाले की सहलीसाठी साठवता येतील. शेवटी पैसे एकाच खिशातले हे मला कळतं, पण मंदीचे दोन महिने निर्धास्त जातात.

कार्डाचा विचार सोडाच. ३१,२७० रुपये, वर्षाला १५ टक्के व्याज धरलं, तर बारा महिने २,८२२ रुपये हप्ता बसतो. वर्षाला सुमारे २,६०० व्याज, त्या व्याजावर पुन्हा जीएसटी, शिवाय प्रोसेसिंग फी. सहल रद्द झाली तरी ती फी परत मिळत नाही.

आता यजमानांचा मुद्दा. ३० हजारांची ठेव, ज्येष्ठांना मिळणारं सात टक्क्यांच्या आसपासचं व्याज धरलं तर वर्षाला २,१०० रुपये. ज्यांना दरमहा पेन्शन येतं आणि जे आयुष्यभर हिशेबाच्या वह्यांतच बसले, त्यांना लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला आणखी एक ठेवपावती? आणि सासूबाईंच्या वाट्याला काय? पैसा कुठेतरी 'सुरक्षित' ठेवला की कर्तव्य झालं असं आपल्याकडच्या नवरे मंडळींना वाटतं (मीही त्यातलाच). तुम्ही ही सहल काढावी असंच माझं मत आहे, पण ती या दराने नको, या कार्यक्रमाने नको आणि मे महिन्यात तर अजिबात नको.

कार्यक्रम बघा. सकाळी ६ ला भुसावळ, मग चांगदेवचं मंदिर, कोथळीला मुक्ताबाई, तिथून अजिंठा, तिथून पाटणादेवी, मग पितळखोरा, रात्री ९ ला घरी. नकाशावर बोट फिरवलं तर नुसता रस्ताच चारशे किलोमीटरला टेकतो. आपल्याकडच्या रस्त्यांवर ताशी चाळीसचा वेग धरला तर दहा तास गाडीत गेले. उरले पाच. त्यात पाच ठिकाणं, नाश्ता, जेवण आणि चहा. एकट्या अजिंठ्यालाच चार तास हवेत, कारण फाट्यावर गाडी सोडून बसने लेण्यांपर्यंत जायचं, मग पायऱ्या. सोमवार असेल तर लेणी बंदच. पितळखोरा सातमाळा डोंगराच्या पलीकडे, कन्नड तालुक्यात. तिथे जायला कन्नडचा घाट चढायचा आणि लेण्यांसाठी पुन्हा पायऱ्यांनी दरीत उतरायचं, म्हणजे येताना तेवढंच चढायचं. दुखऱ्या गुडघ्यांनी? सुरेख आहेत ती लेणी, इसवी सनापूर्वीची. तिथे सापडलेला यक्ष आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे आणि तो घडवणाऱ्या कण्हदास नावाच्या सोनाराने त्याच्या हातावर आपलं नाव कोरून ठेवलंय. पण ती तुम्ही दोघं मुलांना घेऊन वेगळ्या दिवशी बघा.

सहल कुणासाठी आहे? सासूबाईंना हवी पाटणादेवी. सासऱ्यांबद्दल तुम्ही पत्राच्या शेवटी ओझरतं लिहिलंय की नातवंडांना ते अजून भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तली गणितं घालतात. अहो, मग दोघांचं ठिकाण एकच आहे! पाटणे, म्हणजेच पाटण, हे चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवर. तिथे चंडिकादेवी, म्हणजेच पाटणादेवी आहे, जुनं महादेवाचं मंदिर आहे, आणि भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला तोही इथेच. शके ११२८ च्या शिलालेखात तशी नोंद आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात तो लेख उजेडात आणला. त्याचा शेवटचा भाग मराठीत आहे, आणि मला तो फार आवडतो, कारण तो चक्क मठाचा अर्थसंकल्प आहे. पाटणच्या बाजारात माल विकला की गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कराचा वाटा मठाला द्यायचा, गावात जेवढे घाणे चालतात त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला. एकदाच मोठी देणगी देऊन मोकळं व्हायचं नाही, दरवर्षी उत्पन्न येत राहील अशी सोय करायची. अकाउंट्समधल्या माणसाला हे त्याच जागी उभं राहून कुणी समजावून सांगितलं तर तो दिवस त्यांचा होईल.

म्हणून गाइडवर पैसे खर्च करा, त्यात काटकसर नको. मात्र गाइड पारखून घ्या. काही वर्षांपूर्वी मी माझ्या वडिलांना घेऊन तिथे गेलो होतो. सोबतच्या गाइडने मठ काढणारा चांगदेव आणि ज्यांना ज्ञानेश्वरांनी पासष्टी लिहिली ते चांगदेव योगी यांना एकच करून टाकलं आणि वर वाघावरून आल्याची गोष्टही सांगितली. वडील गप्प बसले, पण परतीच्या वाटेवर हसू आवरेना. तुम्ही फोनवरच विचारा, "पाटणचा चांगदेव आणि मुक्ताबाईचा चांगदेव एकच का?" भास्कराचार्यांचं गाव कोणतं, हेही विचारा. त्यांनी स्वतः आपलं गाव म्हणून सांगितलेलं विज्जलविड म्हणजे पाटणच, असं आपल्याकडे छातीठोक सांगतात. अभ्यासकांत त्यावर मतभेद आहेत. तेही सांगणारा गाइड मिळाला तर अडीच हजार मागितले तरी द्या.

आता २६,५०० मध्ये काय काय आहे ते सुटं करून बघू. माझ्या अंदाजाने गाडीचे सात हजार, गाइडचे अडीच, सात जणांचं खाणंपिणं २,८००, फोटोग्राफर तीन हजार. झाले १५,३००. उरलेले ११,२०० टूरवाल्याचे. त्यालाही पोट आहे, नफा घेऊ दे, पण या किमतीत तुमची कोणती कटकट तो वाचवतोय? 'व्हीआयपी दर्शन' हा तर विनोद आहे. नवरात्र सोडलं तर पाटणादेवीला कुठली रांग? फोटोग्राफरच्या ड्रोनचं म्हणाल तर ते ठिकाण गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आहे, परवानगीशिवाय तिथे ड्रोन उडवता येत नाही. जीएसटीही तपासा. टूर ऑपरेटरच्या सेवेवर सहसा ५ टक्के लागतो, म्हणजे १,३२५ रुपये. ते १८ टक्क्यांनी ४,७७० मागताहेत. जीएसटी नंबर मागा. नंबरच नसेल तर जीएसटी घ्यायचा हक्कही नाही.

आणि एक बारीक गोष्ट. त्यांनी लिहिलंय 'सेव्हन सीटर'. त्यात ड्रायव्हर धरलाय. तुम्ही सात आणि तो आठवा. मांडीवर कुणाला घेणार, नणंदेला? मोठी गाडी लागेल.

मे का नको, हे खान्देशात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. पारा ४४-४५ वर, दगडी फरशी तापलेली, ७४ वर्षांचा माणूस अनवाणी प्रदक्षिणा घालतोय. आखाजीला घरीच करा ना. झोका बांधा, खापरावरची पुरणपोळी आणि आमरस, चार नातेवाईक. भिशीतले तुमचे स्वतःचे ९,००० आहेतच, त्यातले चारेक हजार पुरतील. सहल भाऊबीजेनंतरच्या आठवड्यात काढा. नणंद भाऊबीजेलाही येईल, हवा थंड, डोंगर अजून हिरवा, आणि भिशीचे बरेचसे हप्ते तोवर फिटलेले.

खर्च मी असा धरतो. भुसावळहून मोठी गाडी, जाऊन-येऊन पावणेतीनशे-तीनशे किलोमीटर, भत्ता-टोलसह साडेसात हजार. गाइड अडीच हजार. जेवण-चहा दोन हजार. सकाळचा डबा घरून न्या, कळण्याची भाकरी आणि भरीत असेल तर जेवणाचं बिल आणखी खाली येईल. ओटी आणि नवसाला हजार. वर दीड हजार हाताशी. एकूण १४,५००. रेल्वेने चाळीसगाव आणि तिथून गाडी केली तर तीन-चार हजार वाचतील, पण दिवाळीनंतर मुंबईकडच्या गाड्या तुडुंब असतात आणि पुलाचे जिने आहेत. यंदा वाचवू नका.

या १४,५०० साठी आरडी लावू नका. तुमची कमाई दरमहा सारखी नाही, तर बचत सारखी कशी होईल? मे-जूनमध्ये मिळून सात-आठ हजार बाजूला काढा, जुलै-ऑगस्ट सोडून द्या, नवरात्रापासून दिवाळीपर्यंत ब्लाउजांची गर्दी असेल तेव्हा उरलेले. नाहीच जमलं तर कोथळी-चांगदेव करा. भुसावळहून ते अर्ध्या दिवसाचं काम आहे, तापी-पूर्णेचा संगम आहे, खर्च निम्म्याहून कमी. पण सासूबाईंचा नवस तिथे फिटणार नाही, तेव्हा हा पर्याय अगदी शेवटचा.

गाडी आणि गाइड दोघांनाही पाव रक्कम आगाऊ द्या, त्याहून जास्त नाही. रद्द केलं तर किती परत मिळणार ते मेसेजवर लिहून घ्या. सासऱ्यांसाठी घडीचं स्टूल गाडीत टाका. नागार्जुन कोठडी आणि सीतेची न्हाणी ही लेणी वर डोंगरात आहेत, तिकडे मुलं जातील, हे खाली महादेवाच्या मंदिरात बसतील.

राहता राहिलं 'सरप्राइज'. ते करू नका. सासऱ्यांना आजच सांगितलंत तर दिवाळीपर्यंत ते तो शिलालेख शोधून वाचून काढतील आणि गाइडचे अडीच हजार वसूल झाले की नाही याचा हिशेब तेच करतील.