वाचकांचे प्रश्न : हिरव्या चौकटीतील ‘डी’, ‘ई’ आणि ‘एफ’

प्रश्न : खानापूर येथे माझे डीटीपीचे दुकान असून लग्नपत्रिका, हँडबिले आणि यात्रेच्या स्मरणिका अशी मराठी व कन्नड कामे एकाच संगणकावर होतात. संगणक २०१९ साली असेंबल करून घेतलेला आहे. नवव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क, तिच्यावर सी, डी, ई, एफ असे चार ड्राइव्ह. विंडोज ११ साठी तपासणी केली असता सिक्युअर बूटची अडचण दाखवली जाते. सगळी डिस्क फॉरमॅट केल्याशिवाय इलाज नाही, असे दुरुस्ती करणारे सांगतात. हे खरे आहे का? (एक वाचक, खानापूर)

उत्तर : अर्धे खरे आहे. विंडोज १० ची नियमित सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली, तेव्हा आपली घाई रास्तच आहे. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आपला संगणक त्या कसोटीवर उतरतो. अडथळा बहुधा डिस्कच्या मांडणीत आहे. असेंबल केलेल्या अनेक यंत्रांवर विंडोज हे संगणक सुरू करण्याच्या जुन्या ‘बायोस’ पद्धतीने टाकले जाई आणि त्या पद्धतीत डिस्कची मांडणी ‘एमबीआर’ असते. सिक्युअर बूट म्हणजे संगणक सुरू होताना फक्त खात्रीचेच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय. तिच्यासाठी बायोसच्या जागी आलेली ‘यूईएफआय’ ही नवी पद्धत हवी आणि तीतून विंडोज सुरू होण्यासाठी डिस्क ‘जीपीटी’ मांडणीची हवी.

एमबीआरमध्ये डिस्कच्या पहिल्याच ५१२ बाइटच्या सेक्टरात भागांचा तक्ता असतो आणि त्यात फक्त चार नोंदींना जागा असते. म्हणून पुष्कळदा सी हा मुख्य भाग ठेवून उरलेल्या जागेचा एकच ‘एक्स्टेंडेड’ भाग करतात आणि त्याच्या पोटात डी, ई, एफ बसवतात. विंडोजमधील ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पाहा : ते तिघे एका हिरव्या चौकटीत दिसले, तर आपली गाठ तिथेच आहे. विंडोज १० मध्ये २०१७ पासून एमबीआरचे जीपीटी करणारे साधन आहे आणि ते सी ड्राइव्हवरील मजकुराला हात लावत नाही, परंतु एक्स्टेंडेड भाग असलेली डिस्क ते सरळ नाकारते. तेव्हा पुसावे लागणार ते डी, ई आणि एफ, सी नव्हे.

म्हणून सर्वांत आधी नक्कल. बाहेरच्या डिस्कचे फॉरमॅट एनटीएफएस किंवा एक्सफॅट असावे, कारण फॅट३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल मावत नाही. डी, ई, एफ तर घ्याच, पण सी वरील डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि विशेषतः फॉन्टचे फोल्डर विसरू नका. युनिकोडपूर्व फॉन्टमधली जुनी पत्रिका त्या फॉन्टशिवाय उघडली, तर वधूवरांच्या नावांच्या जागी निव्वळ चिन्हांची रांग दिसते, हे आपल्याला मी सांगायला नको. नक्कल झाल्यावर चार-दोन फाइली दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

त्यानंतर सी च्या प्रॉपर्टीजमधील ‘टूल्स’मध्ये जाऊन त्रुटी तपासा. नकलेआधी हे करू नये. थकलेली डिस्क दीर्घ तपासणीत कायमची बसू शकते. मग डी, ई, एफ आणि रिकामा झालेला एक्स्टेंडेड भाग काढून टाका. अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘एमबीआर२जीपीटी’ हे रोमन लिपीत सलग टाइप करा, मधला २ आकड्यातच. पुढे तिरप्या रेघेसह (/) ‘व्हॅलिडेट’ आणि तशाच रेघेसह ‘अलाउफुलओएस’ जोडा. ही नुसती चाचणी असते. ती यशस्वी झाली तरच ‘व्हॅलिडेट’च्या जागी ‘कन्व्हर्ट’ लिहून आज्ञा पुन्हा द्या. खानापूरच्या पावसात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, म्हणून हे काम यूपीएस असल्याशिवाय करू नये.

रूपांतरानंतर संगणक सुरूच झाला नाही तर घाबरू नका. मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये सीएसएम (जुन्या बायोस पद्धतीची सोय) बंद करून यूईएफआय निवडायचे राहिलेले असते. तिथेच सिक्युअर बूट आणि ‘पीटीटी’ या नावाने असलेले टीपीएम हे सुरक्षेचे साधन चालू करा. मोकळ्या जागेत नवा डी तयार करून नक्कल परत आणा, मात्र बाहेरची डिस्क एवढ्यात कोरी करू नका.

प्रश्न : माझ्या जुन्या संगणकाचा डी ड्राइव्ह फॅट३२ आहे. फॉरमॅट न करता तो एनटीएफएस होईल का? (एक विद्यार्थिनी, निपाणी)

उत्तर : होईल. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘कन्व्हर्ट’, त्यापुढे ड्राइव्हचे अक्षर व विसर्गचिन्ह (:), मग तिरप्या रेघेसह ‘एफएस’, पुन्हा विसर्गचिन्ह आणि ‘एनटीएफएस’ असे रोमन लिपीत लिहावे. फाइली जागच्या जागी राहतात, तरीही नक्कल आधी घ्यावीच. वाट एकेरी आहे : परत फॅट३२ करायचे तर फॉरमॅटच करावे लागते.