शुगर कमी झाली अन् वडिलांना अंधुक दिसायलंय, इन्सुलिन बंद करावं का?

वडिलांची तीन महिन्याची सरासरी शुगर (एचबीए१सी) ११ टक्क्यांवरून ७ वर आली आणि नेमकं आताच अंधुक दिसायलंय, इन्सुलिननं डोळे गेले का, असं तुम्ही विचारलंय. बंद नका करू. मी परभणीत डोळ्याच्या दवाखान्यात ऑप्टोमेट्रिस्ट आहे, म्हणजे नजर तपासून नंबर काढायचं काम, डॉक्टर नाही, पण हा प्रश्न घेऊन आमच्याकडं लई जण येतेत.

एक साधं कारण असू शकतं. शुगर भराभर उतरली की डोळ्यातलं भिंग बदलतं, नंबर हलतो, काही आठवड्यांत बसतो, तोवर नव्या चष्म्यात पैसे घालू नका.

दुसरं कारण पडद्याचं, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या बाजूच्या रेटिनाचं. वर्षानुवर्षं शुगर जास्त राहिली की पडद्यातल्या रक्ताच्या बारीक नसा शेतातल्या जुन्या ठिबकच्या नळीसारख्या होतेत, कुठं गळती कुठं चोक, आणि अशा आधीच खराब पडद्यावर शुगर एकदम खाली आली तर पहिले सहा महिने वर्षभर त्रास वाढू शकतो. अमेरिका-कॅनडातल्या डीसीसीटी अभ्यासात (१९९३, टाइप १ म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळपास बनतच नाही त्या मधुमेहाचे १४४१ पेशंट) पण सुरवातीला काहींचं असंच बिघडलं होतं. पण सरासरी साडेसहा वर्षांनी बघितलं तर शुगर टाइट ठेवणाऱ्यांत पडदा नव्यानं खराब व्हायचा धोका ७६ टक्के कमी, आणि ज्यांचा आधीच थोडा खराब होता त्यांच्यात तो वाढायचा धोका ५४ टक्के कमी. टाइप २ मधे, म्हणजे बहुतेक मोठ्या माणसांना होतो त्या मधुमेहात, ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासात (१९९८) फायदा एवढा मोठा नव्हता पण होता, आणि बीपी आवरल्याचा डोळ्याला वेगळा फायदा दिसला, बीपीकडं आपल्याकडं कुणी बघतच नाही ते सोडा.

आता याच आठवड्यात बाहुली मोठी करायचे थेंब टाकून पडदा तपासून घ्या, नुसता नंबर काढून येऊ नका. खरं तर ही तपासणी इन्सुलिन सुरू करतानाच व्हायला पाहिजे, पण लोक मोतीबिंदूच्या शिबिरात येतेत तेव्हा पडदा पहिल्यांदा बघितला जातो! पडद्याच्या मधोमध सूज असली तर बहुतेक डोळ्यात इंजेक्शन देतेत, पडद्यावर नवीन नसा उगवल्या असल्या तर लेसर, आणि आधीच गेलेली नजर लेसरनं सहसा परत येत नाही, आहे ती राखायची असते. तो रिपोर्ट शुगरच्या डॉक्टरला दाखवा, किती वेगानं उतरवायची ते त्यांना ठरवू द्या. अचानक काळं जाळं तरंगायला लागलं किंवा एका बाजूला अंधार आला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आणि थेंबानं काही तास नीट दिसत नाही, त्यांना मोटारसायकलवर एकटं पाठवू नका.