जुन्या मालिकेचा नायक पुढे न्यायचाय? आधी लेखकाच्या घरी जा

तुमची पोस्ट दोनदा वाचली. आजोबांच्या ट्रंकेत सापडलेली रहस्यमालिका, लेखक हयात नाहीत, छापणारं प्रकाशन बंद पडलंय, आणि तोच नायक घेऊन आजच्या पोरांसाठी नवी कादंबरी लिहायची तुमची इच्छा. शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘प्रकाशनाच्या जुन्या मालकांच्या मुलांना पत्र टाकलंय, उत्तराची वाट बघतोय.’ ते वाचून राहवलं नाही. इथे कोल्हापुरात बसून मी अगदी हीच वाट बघितलीय.

तुमची आधीची दोन पुस्तकं आहेत, त्यामुळे कादंबरी कशी लिहावी, टंकन कुठे करावं हे सांगत बसत नाही. एकच सांगते. वाट बघणं थांबवा आणि लेखकाच्या घरच्यांचा पत्ता काढा.

माझं प्रकरण आमच्याच भागातल्या एका लेखकाचं. घरच्यांची इच्छा नाही म्हणून नाव लिहीत नाही. त्यांची साहसमालिका एके काळी कोल्हापूर-सांगली-बेळगाव पट्ट्यातल्या वाचनालयांत रोजभाड्याने फिरायची. मूळ प्रकाशकाचा धंदा पुढे दुसऱ्या शहरातल्या एका कार्यालयाने घेतला. परवानगी मागायला मी तिथे गेले. ‘सगळे हक्क कायमचे आमच्याकडे आहेत,’ असं छातीठोक सांगितलं गेलं. करार दाखवा म्हटलं, तर जुनं दप्तर गोदामात आहे, पुढच्या महिन्यात या. मग हस्तलिखित वाचायला म्हणून ठेवून घेतलं. मग ना हरकत पत्रासाठी रक्कम सांगितली, आणि काही महिन्यांनी ती वाढवली. फोन उचलायचे, चहा पाजायचे, गोड बोलायचे. सरळ नाही म्हणाले असते तरी माझा वेळ वाचला असता. वरून ताकीद दिली की लेखकाच्या घरच्यांशी बोलू नका, त्यांचा हिशेब केव्हाच चुकता झालाय, उगाच वाद उभा राहील.

त्या मधल्या काळात लेखकाच्या पत्नी वारल्या. त्या राहायच्या मंगळवार पेठेत, माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर. बऱ्याच कादंबऱ्यांची पक्की प्रत त्यांच्या हातची होती, हे मला त्यांच्या मुलीकडून नंतर कळलं. नायकाचा भाऊ खरंच मेला होता का, शेवटच्या भागात सोडून दिलेला तो धागा पुढे कुठे जाणार होता, हे फक्त त्यांना माहीत होतं. मुलीने कपाट उघडलं तेव्हा त्यात पावत्या निघाल्या, रेव्हेन्यू स्टॅम्प लावलेल्या: अमुक कादंबरीच्या पहिल्या आवृत्तीचे मानधन रोख पावले. हक्क कायमचे दिल्याचा एकही कागद नाही, आणि त्या कार्यालयालाही तो शेवटपर्यंत दाखवता आला नाही. पैसे गेले असते तर मी विसरले असते. त्या बाईंशी माझं बोलणं होऊ दिलं नाही, याचा राग अजून जात नाही.

आता कायद्याचं. मी वकील नाही, सही करण्यापूर्वी वकिलाला दाखवाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. ‘आमच्यात तसं ठरलं होतं’ याला किंमत नाही. हक्क किती काळासाठी दिले ते करारात लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरायची, ही तरतूद मात्र १९९४ च्या दुरुस्तीने आली, तेव्हा सत्तरच्या दशकातल्या कराराला ती परस्पर लावू नका. कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजून. नाथमाधव १९२८ मध्ये गेले, त्यांचं लेखन मोकळं झालंय. बाबूराव अर्नाळकर १९९६ मध्ये गेले, म्हणजे त्यांचे नायक झुंजार किंवा काळापहाड घेऊन कुणाला लिहायचं असेल तर २०५६ संपेपर्यंत परवानगी लागेल. लेखन टोपणनावाने छापलेलं असेल आणि खरा लेखक कधीच उघड झाला नसेल, तर ६० वर्षं प्रकाशनापासून मोजतात. तुमच्या मालिकेवरचं नाव मला टोपणनावच वाटतंय, ते आधी तपासा.

‘नाव थोडं बदलून लिहितो’ असं खाली एकाने सुचवलंय. नका करू. नागराज आणि नागेश या कॉमिक्सच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाने १९९६ मध्ये नागराजच्या बाजूने आदेश दिला होता. नावाला कात्री लावली तरी पात्र ओळखू येतंच.

घरच्यांकडे गेलात की परवानगीच्या आधी कागद बघायला मागा. वह्या, टिपणं, वाचकांची पत्रं, अर्धवट आराखडे. अमेरिकेत डॉक सॅव्हेज या साहसी नायकाची मालिका १९३३ ते १९४९ चालली, त्यातल्या बहुतेक कादंबऱ्या लेस्टर डेंट यांनी केनेथ रोबसन या प्रकाशनाच्या ठरलेल्या नावाने लिहिल्या. विल मरे यांनी १९९१ पासून ती पुढे नेली, तीही डेंट यांच्या मागे राहिलेल्या आराखड्यांचा आधार घेऊन. माझ्या मते या कामातला तो सर्वांत प्रामाणिक माणूस आहे, कारण त्याने नायकाला त्याच्या काळातून उचकटून काढलं नाही.

इथे माझं मत ठाम आहे, पटलं नाही तर सोडून द्या. नायकाच्या हातात मोबाईल देऊ नका. बाँडला जॉन गार्डनर यांनी १९८१ मध्ये त्या दशकात आणून बसवलं. अँथनी होरोविट्झ यांनी २०१५ मध्ये त्याला परत १९५७ मध्ये नेलं, बाँडचे मूळ लेखक फ्लेमिंग यांचं न वापरलेलं लेखनही वापरलं, आणि मला तो बाँड जास्त खरा वाटला. जेम्स पॅटरसन यांच्या नावावर आलेल्या नव्या कादंबरीत ‘द शॅडो’ हा जुना अमेरिकी रहस्यनायक थेट २०८७ मध्ये जागा होतो. मला त्यात जुना माणूस सापडलाच नाही. फास्टर फेणेला २०१७ च्या चित्रपटात आजच्या काळात आणलं ते मात्र जमलं, कारण त्याचं सगळं बळ त्याच्या चौकसपणात आहे. तुमचा नायक ट्रंक कॉल लागायची वाट बघत रात्र काढतो. त्याला व्हॉट्सॲप दिलं की गोष्ट दुसऱ्या पानावर संपते.

आणि जुना काळ म्हणजे नुसता कंदील आणि टांगा नव्हे. तुमचा दुसरा भाग १९४८ च्या कोल्हापुरात घडतो ना? संस्थान मुंबई प्रांतात विलीन झालं १ मार्च १९४९ ला. म्हणजे त्या भागात पोलीस संस्थानचे, आणि गुन्हेगाराने हद्द ओलांडली की मामला दुसऱ्या सरकारचा. यातच दोन प्रकरणांचं साहस आहे. ‘नवे पैसे’ आले १ एप्रिल १९५७ ला, तोवर आणेच द्या. बदलायचं ते बायकांचं चित्रण बदला. दर कादंबरीत बेशुद्ध पडणारी ती मुलगी आजची वाचक सहन करणार नाही आणि तिने करूही नये.

जुन्या प्रतींसाठी करवीर नगर वाचन मंदिरात विचारा. १८५० पासूनची संस्था आहे. वाचनालयाच्या प्रतींत शेवटचं पान फाटलेलं असतं, म्हणून एकाच कादंबरीच्या दोन प्रती मिळवा. जुनं मुखपृष्ठ स्कॅन करून वापरू नका, त्या चित्राचे हक्क वेगळे असतात. वारस एकापेक्षा जास्त असतील तर सगळ्यांच्या सह्या घ्या, परदेशातल्या मुलाचीसुद्धा. करारात किती कादंबऱ्या, किती वर्षं, ऑडिओ आणि वेब सीरिजचं काय, हे स्पष्ट लिहा, आणि मूळ लेखकाचं नाव मुखपृष्ठावर तुमच्या नावाच्या वर घ्या.

ते पत्र पाठवलंय ते राहू द्या, उत्तर आलं तर करार मागा, पैसे देऊ नका. लेखकाचं गाव कोणतं तेवढं इथे लिहा. गडहिंग्लज-आजऱ्याकडचे असतील तर घर शोधायला मी मदत करते.