अमेरिकेतल्या कोरियन स्थलांतरित स्त्रिया मानसिक त्रासासाठी डॉक्टरकडे का जात नाहीत?

मुख्य कारण 'लोक काय म्हणतील' ही भीती, आणि जोडीला भाषा व विमा. सार्वजनिक आरोग्याच्या अभ्यासांत हेच वारंवार दिसतं. त्रास छातीतली धडधड, अपचन, उडालेली झोप असा शरीरावर निघतो, म्हणून बाई आधी साध्या डॉक्टरकडे किंवा कोरियन वैद्याकडे जाते. चर्चच्या पाद्र्याशी बोलता येतं, पण तिथे सगळेच ओळखीचे. घरची लाँड्री किंवा दुकान असेल तर नोकरीतून मिळणारा विमा नसतो. आणि मुलीलाच दुभाषी म्हणून शेजारी बसवलं, तर आई नवऱ्याबद्दल काय बोलणार? केंद्र सरकारचा निधी घेणाऱ्या रुग्णालयांवर १९६४च्या नागरी हक्क कायद्यामुळे दुभाष्याची मोफत सोय करण्याची जबाबदारी आहे. ती जरूर मागावी. हे पहिल्या पिढीबद्दल. तिथेच वाढलेल्या मुलींना भाषेची अडचण सहसा नसते.