प्रश्न तुमचे: रेप्लिका गाडीचा फॅन आणि वायरिंग

पावसाळा सरून गाड्या ताडपत्रीखालून बाहेर निघाल्या की आमच्याकडे वायरिंगच्या तक्रारींचा ढीग पडतो. यंदा त्यात रेप्लिका, म्हणजे मूळ गाडीबरहुकूम बनवलेल्या, स्पोर्ट्‌स गाड्या बऱ्याच आहेत. उत्तरांआधी एक गोष्ट सगळ्यांसाठी. कोब्रा या मूळ स्पोर्ट्‌स गाडीची बॉडी अॅल्युमिनियमची होती, तिच्या रेप्लिका बहुधा फायबरच्या असतात. फायबरमधून वीज वाहत नाही. पत्र्याच्या गाडीत दिवा बॉडीला स्क्रूने आवळला की अर्थ (करंटला बॅटरीच्या मायनसकडे परत जायची वाट) आपसूक मिळतो. इथे प्रत्येक दिव्याला, हॉर्नला, फॅनला अर्थची स्वतंत्र वायर चासीपर्यंत (गाडीच्या लोखंडी सांगाड्यापर्यंत) न्यावी लागते. पत्र्याच्या गाडीचा नकाशा समोर ठेवून वायरिंग केलं की निम्मे घोटाळे तिथेच होतात. (नोंदणी आणि गाडीतल्या बदलांविषयीच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ बद्दलचे प्रश्न कृपया आरटीओकडेच विचारा.)

प्रश्न (रत्नागिरी): फॅन बॅटरीला थेट लावला की जोरात फिरतो, पण गाडीत आपोआप लागतच नाही. मारुती मंदिरच्या गर्दीत तापमानाचा काटा १०० च्या पुढे जातो. मेकॅनिकने डॅशबोर्डवर वेगळं बटण दिलंय, त्यावर फॅन फिरतो पण मंद. थर्मोस्विच (पाणी तापलं की फॅन लावणारा स्विच) दोनदा बदलून झाला.

उत्तर: तिसरा थर्मोस्विच आणू नका. आधी त्याला किती पिना आहेत ते बघा. एकाच पिनेचा असेल तर तो आपला अर्थ रेडिएटरच्या धातूतून घेतो. तुमचा रेडिएटर रबरी बुशांवर बसलेला आणि भोवती फायबर, म्हणजे त्याला अर्थ कुठून मिळणार? स्विच आतून चालू झाला तरी सर्किट अपुरंच राहतं. दोन पिनांचा स्विच घ्या, एक पिन रिलेच्या (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच) ८५ नंबरच्या पायाला आणि दुसरी थेट चासीला द्या. तो बसवताना त्याच्यावरचे अंक बघून घ्या: ९२/८७ म्हणजे ९२ अंशाला चालू, ८७ ला बंद.

स्विच खरंच बाद आहे का ते घरीच कळतं. पातेल्यात पाणी तापवा, स्विचचं फक्त पितळी टोक पाण्यात बुडेल असं टांगा, पिना कोरड्या ठेवा, त्यांना मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा आणि शेजारी थर्मामीटर धरा. आपल्याकडे समुद्रसपाटीला पाणी १०० अंशाला उकळतं, त्यामुळे ९२ चा स्विच यात नीट तपासला जातो.

आता रिले. पायांवरचे आकडे ठरलेले असतात: ३० ला बॅटरीतून फ्यूजमार्गे येणारी जाड वायर, ८७ वरून फॅनला, ८६ ला किल्लीनंतरचा करंट, ८५ थर्मोस्विचमार्गे अर्थला. किल्ली ऑन करून थर्मोस्विचचा प्लग काढा आणि त्याच्या दोन टोकांमध्ये वायरचा तुकडा घाला. रिलेचा 'टक्' आवाज येऊन फॅन फिरला तर वायरिंग ठीक, दोष स्विचचा किंवा तिथे गरम पाणी पोचत नसल्याचा. आवाज आला पण फॅन फिरला नाही, तर ३० आणि ८७ ची बाजू बघा. आवाजच नाही, तर ८५, ८६.

बटणावर फॅन मंद का, याचं उत्तर व्होल्टेज ड्रॉपमध्ये आहे. फॅनचे पूर्ण १० अॅम्पिअर डॅशबोर्डपर्यंत जाऊन बारीक वायरीतून परत येताहेत. वाटेत ०.१ ओहमचा रोध असला तरी १ व्होल्ट तिथेच जातो. फॅन चालू ठेवून मीटर २० व्होल्ट डीसीवर लावा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं फॅनच्या प्लसला. ०.५ पेक्षा जास्त आलं तर त्या वाटेवर खराबी. मग फॅनचा मायनस ते बॅटरीचा मायनस, इथे ०.२ च्या वर जायला नको. फॅन बंद असताना हे मोजू नका. वायरीचा एकच तार शिल्लक असला तरी भार नसताना मीटर छान १२.६ दाखवतो आणि माणूस फसतो.

अर्थसाठी चासीला ८ एमएमचा बोल्ट वेल्ड करून घ्या. पावडर कोटिंग पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडा, थिंबल (वायरीच्या टोकाचं कडं), दातेरी वॉशर, नट असं आवळा आणि नंतर वरून ग्रीस किंवा रंग लावा. आधी रंग आणि मग नट, असं आम्ही इतक्या गाड्यांत बघितलंय की ते पुन्हा लिहावंच लागतं. बटण ठेवायचं असेल तर ठेवा, पण ते फक्त ८५ ला अर्थ देण्यासाठी, फॅनचा करंट त्यातून नेऊ नका.

प्रश्न (मालवण): फॅन चालू असताना किल्ली बंद केली तर इंजिन दोन-तीन सेकंद चालूच राहतं. फॅन थांबलेला असला की लगेच बंद होतं. गॅरेजवाला म्हणतो किल्लीचा स्विच बदला.

उत्तर: किल्लीचा काही दोष नाही. तुमच्या फॅनला करंट किल्लीनंतरच्या त्याच वायरीतून दिलाय, जिच्यावर इग्निशन कॉइल आहे. किल्ली बंद झाली तरी फॅन जोरात फिरत असतो आणि आतल्या चुंबकांमुळे तो त्या क्षणी जनरेटर होतो. त्याने तयार केलेली वीज उलट वाटेने कॉइलला जाते आणि ठिणगी पडत राहते.

खात्री करायची तर फॅनचा फ्यूज काढून किल्ली बंद करा. इंजिन तत्क्षणी थांबलं तर हेच. उपाय वर सांगितलेलाच: ३० ला थेट बॅटरी, किल्लीचा करंट फक्त ८६ ला. किल्ली बंद होताच रिलेचा संपर्क तुटतो आणि फॅन पुढे कितीही फिरला तरी त्याची वीज कुठेच पोचत नाही.

फ्यूज काढूनही इंजिन थांबत नसेल तर चार्जिंगच्या लाल दिव्यावर संशय घ्या. अल्टरनेटरमधून त्या दिव्याच्या वायरीने करंट मागे येतो. तिथे ४००७ नंबरचा १ अॅम्पिअरचा डायोड घाला, पांढरा पट्टा अल्टरनेटरच्या बाजूला. काही रुपयांचं काम आहे. कार्बोरेटरचं इंजिन किल्ली बंद केल्यावर गचके देत, थरथरत चालू राहत असेल तर ते विजेचं नव्हे, आतल्या तापलेल्या काजळीमुळे पेट्रोल आपोआप पेटतंय. कॉइलच्या प्लसला मीटर लावा: किल्ली बंद झाल्यावर व्होल्टेज शून्य असेल तर हा दुसरा प्रकार.

प्रश्न (चिपळूण): इंजिन मागे, रेडिएटर पुढे अशी रेप्लिका. गावात ठीक, पण कुंभार्ली घाट चढताना तापते. फॅन कधी लागतो, कधी लागत नाही. वायरिंग तपासून घेतलं, चांगलं आहे.

उत्तर: 'कधी लागतो, कधी नाही' यातच उत्तर आहे. घाट चढताना गाडीचं नाक वर जातं आणि पुढचा रेडिएटर कूलंटच्या वाटेतला सगळ्यात उंच भाग होतो. सिस्टिममध्ये हवा राहिली असेल तर ती नेमकी तिथे, रेडिएटरच्या माथ्याशी जमते. थर्मोस्विच वरच्या बाजूला बसवलेला असेल तर तो गरम पाण्याऐवजी हवेत लोंबकळतो आणि त्याला काही कळतच नाही.

हवा अशी काढा. गाडी थंड असताना नाक जॅकने उचलून स्टँडवर ठेवा, साधारण एक फूट. रेडिएटरच्या माथ्याशी हवा काढायचा स्क्रू असेल तो सैल करा, नसेल तर वरच्या होसची क्लिप. हीटर असेल तर त्याचा कॉक पूर्ण उघडा. हळूहळू कूलंट ओता, बुडबुडे थांबून सलग धार आली की बंद करा. मागून पुढे येणारे दोन लांब पाईप हाताने दाबत राहा, त्यात अडकलेली हवा सुटते. नंतर इंजिन थर्मोस्टॅट (तापल्यावर कूलंटची वाट मोकळी करणारी झडप) उघडेपर्यंत चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पुन्हा भरा. गरम असताना झाकण उघडू नका. कूलंट निम्मं, डिस्टिल्ड पाणी निम्मं. विहिरीचं पाणी नको, क्षारांनी नळ्या बुजतात. झाकणाचं रबर चिरलेलं असेल तर बदला. १३ पीएसआयचं झाकण नीट धरत असेल तर उकळबिंदू साधारण २० अंशांनी वर जातो.

तरीही तापली तर हवेकडे बघा. फॅन चालू करून रेडिएटरच्या पुढे वर्तमानपत्राचा कागद धरा. फॅन मागून ओढणारा असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे. ढकलला गेला तर फॅनच्या वायरी उलट आहेत. उलट फिरणारा फॅनही आवाज तसाच करतो, म्हणून हे लक्षात येत नाही. शिवाय रेडिएटरच्या कडेने फायबरपर्यंत जिथे बोटभर फट आहे, तिथून हवा पळते. अॅल्युमिनियमची पट्टी आणि फोमने ती बंद करा. मोठ्या रेडिएटरवर छोटा गोल फॅन नुसता टायने बांधलेला असेल तर शीट मेटलचा काऊल (फॅनभोवतीचं आवरण) करून घ्या.

प्रश्न (अलिबाग): हेडलाईट लावले की तापमानाचा काटा वर चढतो, बंद केले की खाली. इंजिन खरंच तापतं का?

उत्तर: नाही. इंजिन आणि चासी यांच्यामधली अर्थपट्टी खराब आहे. दिव्यांचा करंट चासीतून अल्टरनेटरकडे म्हणजे इंजिनकडे परत जाताना या पट्टीतून जातो. तिथे रोध असला की इंजिन चासीपेक्षा काही दशांश व्होल्ट खाली जातं. सेन्सर इंजिनवरच असल्याने काट्यातून जास्त करंट वाहतो आणि तो 'गरम' दाखवतो. विणलेली नवी पट्टी टाका, दोन्ही टोकं घासून. इंजिन रबरी माउंटिंगवर असल्यामुळे एक्सलरेटरच्या केबलमधून अर्थ जात असल्याचंही आढळतं. केबल तापत असेल तर ही खूण आहे. सेन्सरच्या चुडीवर (आट्यांवर) पांढरी टेप गुंडाळू नका, तिने अर्थ तुटतो. मात्र पेट्रोलचा काटाही सोबत वर जात असेल आणि गाडीत जुने ब्रिटिश मीटर असतील, तर त्यांच्या १० व्होल्टच्या स्टॅबिलायझरचा अर्थ बघा.

प्रश्न (दापोली): फॅनचा १५ अॅम्पिअरचा फ्यूज दर आठवड्याला उडतो. ३० चा टाकू का?

उत्तर: मुळीच नाही. फ्यूज फॅनसाठी नसतो, वायरीसाठी असतो. १ स्क्वेअर एमएमच्या वायरीला ३० चा फ्यूज दिला तर फ्यूजआधी वायर वितळेल, आणि फायबरमधलं रेझिन पेट घेतं. २० अॅम्पिअरला किमान २.५, ३० ला ४ स्क्वेअर एमएमची वायर हवी.

क्लॅम्प मीटरने मोजा (डीसी मोजणारा असल्याची खात्री करून). १२ इंची फॅन १० च्या आसपास घेतो. १८ दाखवत असेल तर मोटरचं बेअरिंग खाऱ्या हवेने गंजून जाम झालंय. फॅन हाताने फिरवून बघा, आधी बॅटरी काढून. तो सहज फिरला पाहिजे. फॅन ठीक असेल तर वायर कुठेतरी घासते आहे. फायबरला पाडलेल्या भोकाच्या कडेला काचेचे तंतू उघडे असतात आणि ते इन्सुलेशन करवतीसारखं कापतात. फॅनचा प्लग काढा, फ्यूजच्या जागी ५५ वॅटचा हेडलाईट बल्ब जोडा आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) वीतभर वीतभर हलवत जा. जिथे बल्ब उजळला तिथे शॉर्ट. प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट बसवा.

प्रश्न (वेंगुर्ले): गाडी आठवडाभर उभी राहिली की सेल्फ लागत नाही. बॅटरी नवी आहे.

उत्तर: सगळं बंद करून बॅटरीचा मायनस काढा आणि मध्ये मीटर १० अॅम्पिअरच्या सॉकेटवर लावा. (मीटर लावलेला असताना सेल्फ मारू नका.) ५० मिलिअॅम्पिअरच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. फॅनचा रिले हाताला कोमट लागतो का बघा. ८६ ला थेट बॅटरी दिलेली असेल, थर्मोस्विच चिकटला असेल आणि फॅनचा फ्यूज उडालेला असेल, तर फॅन फिरत नाही पण रिले दिवसरात्र सुमारे १५० मिलिअॅम्पिअर खातो. दिवसाला ३.६ अॅम्पिअर-तास. ४५ ची बॅटरी आठवड्यात अर्ध्याच्या खाली येते.

प्रश्न (रत्नागिरी): वायरीचं टोक सोललं की आतली तांब्याची तार काळी निघते. कोणती वायर घ्यावी?

उत्तर: कथिल चढवलेली, बोटींना वापरतात ती. मिरकरवाड्याला ट्रॉलरचं सामान विकणाऱ्या दुकानांत चौकशी करा. जोड क्रिंप करून (पकडीने दाबून) घ्या. डाग दिलेली (सोल्डर केलेली) वायर कंपनाने डागाच्या कडेला तुटते. वरून आत गोंद असलेली हीट-श्रिंक नळी, आणि बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली, पण जोड आवळल्यानंतर. काळी पडलेली वायर पुढे सोलत बसू नका, दोन इंच आतही ती काळीच निघते, अख्खी बदला. रिले बसवताना पाय खालच्या बाजूला येतील असा बसवा, म्हणजे पाणी आत साठणार नाही.