मका पेरला, तरी सोयाबीनची मदत कशी?

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेतील आयोवा राज्यात, एका शेतीप्रधान काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) राहतो. शेजारच्या शेतकऱ्याने सगळ्या रानात मका पेरलेला असूनही सोयाबीनचा भाव पडल्याची सरकारी मदत त्याला मिळू शकते, असे मुलगा सांगतो. हे कसे? आणि शेत मक्त्याने केलेले असेल, तर पैसे कोणाला मिळतात?
— एक सोयाबीन उत्पादक, जि. वाशिम

उत्तर : आपल्या मुलाने सांगितले ते खरे आहे. तेथील भावाशी जोडलेली मुख्य मदत उभ्या पिकावर मिळत नाही. त्या जमिनीच्या नावे पूर्वीच नोंदलेल्या क्षेत्रावर मिळते. या क्षेत्राला ‘बेस एकर’ म्हणतात. त्या रानात पूर्वी कोणते पीक किती एकरांवर होते, यावरून तो आकडा ठरला. २०१४ च्या कृषी कायद्याने २००९ ते २०१२ मधील पेऱ्याप्रमाणे पिकांची फेरवाटणी करण्याची एक संधी दिली.

समजा, १०० एकर सोयाबीनचा बेस आहे, नोंदलेला उतारा एकरी ४० बुशेल आहे (सोयाबीनचा एक बुशेल म्हणजे सुमारे २७ किलो), कायद्याने ठरलेली संदर्भ किंमत १० डॉलर आहे आणि देशातील हंगामाचा सरासरी भाव साडेनऊ डॉलरवर थांबला. मदत ८५ टक्के बेसवरच धरली जात असल्याने बुशेलमागे ५० सेंटची (अर्ध्या डॉलरची) तूट, ४० बुशेल आणि ८५ एकर यांच्या गुणाकाराने १,७०० डॉलर निघतात. त्या वर्षी रानात काय पेरले होते, याचा या हिशेबाशी संबंध येत नाही. ही रक्कमही लगेच मिळत नाही. कापणीनंतरच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये ती मिळू लागते. ही झाली भावावरची योजना; बेसवरच्याच दुसऱ्या योजनेत काउंटीचे त्या पिकाचे सरासरी एकरी उत्पन्न (पैशातले) हमीपेक्षा कमी झाल्यास पैसे मिळतात, त्यामुळे एखाद्याचे एकट्याचे पीक गारपिटीने गेले, तरी काउंटीची सरासरी टिकून असेल तर त्याला तेथून काही मिळत नाही. त्यासाठी पीक विमा वेगळा काढावा लागतो.

आपला दुसरा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. नियमाप्रमाणे रोख मक्ता असेल तर मदत कसणाऱ्याला मिळते आणि बटई असेल तर ती पिकाच्या वाट्याप्रमाणे विभागली जाते. कागदावर हा नियम आपल्यापेक्षा न्याय्य आहे, कारण पीएम-किसानचे वर्षाचे ६,००० रुपये जमीन ज्याच्या नावे आहे त्यालाच मिळतात आणि आपल्याकडचा मक्तेदार त्यातून पूर्णपणे वगळला जातो. तथापि, बेस जमिनीला चिकटलेला असल्याने, करार नव्याने होताना अपेक्षित मदतीचा काही भाग मालक मक्त्याच्या दरात धरू शकतो आणि कसणाऱ्याच्या खात्यात आलेला पैसा त्या वाटेने मालकाकडे जातो, हे विसरता कामा नये.

चीनशी झालेल्या व्यापारसंघर्षामुळे २०१९ मध्ये दिलेली मदत मात्र वेगळी होती. ती त्या वर्षी पेरलेल्या क्षेत्रावर होती आणि तिचा दर काउंटीनुसार एकरी १५ ते १५० डॉलर असा ठरवला गेला. त्यामुळे काउंटीच्या सीमेवरील रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तेच पीक असूनही दोन शेतकऱ्यांना वेगवेगळी रक्कम मिळू शकत होती.

शेजाऱ्याच्या शेतावर कोणत्या पिकाचा किती बेस आहे, हे त्याला त्याच्या काउंटीतील कृषी सेवा कार्यालयात पाहता येईल. तेथील समितीचे सदस्य स्थानिक शेतकरीच निवडून देतात.